आधी यात काय होतं?

रात्रीचे आठ. डिसेंबर २०२५. तुम्ही टँकरच्या पाठीवर गुडघे टेकून बसला आहात. मॅनहोलचे बोल्ट सोडवून जड झाकण उलटं टाकता, तसा ठण्ण आवाज रिकाम्या टाकीत फिरून परत वर येतो. अमरावतीच्या बाजूला, सोयाबीनचं तेल काढणाऱ्या एका कारखान्याच्या आवारात टँकरची रांग लागली आहे आणि आता तुमचा नंबर आहे. खालून कारखान्याचा माणूस विचारतो,

"आधी यात काय होतं?"

"पामोलिन. बंदरावरून आणलं होतं."

"धुतली?"

"वाफेनं धुतली. उघडी ठेवून वाळवली."

तो शिडी चढून वर येतो. बॅटरीचा झोत आत फिरवतो, कोपऱ्यात कुठे पाणी चमकतं का ते पाहतो. तेलाच्या टाकीत पाण्याचा थेंबही नको. पाण्यानं तेलाची आम्लता वाढते आणि आलेला माल गेटवरून परत फिरतो. मग तो बॅटरी विझवतो. तुम्ही दोघंही वाकून टाकीच्या तोंडाशी नाक नेता. आत उतरायचं नसतं, बंद टाकीतली हवा माणसाला हाक मारायलाही वेळ देत नाही. वास मात्र घ्यायचाच. कागदावर काहीही लिहिलेलं असो, टाकीनं आधी काय वाहिलं ते नाकाला कळतं.

डोळे मिटा. खोल श्वास घ्या.

*

पहिला वास येतो धुराचा.

तुमच्या खांद्यावर कावड आहे आणि कावडीला दोन मडकी. रात्रभर चुलीच्या धुरावर पालथी घातलेली, म्हणून दूध नासत नाही. तुम्ही वत्सगुल्माच्या वाटेवर आहात. आज आपण ज्याला वाशीम म्हणतो तेच हे गाव, पण आता ती वाकाटकांची राजधानी आहे. चौथं शतक उताराला लागलं आहे आणि गादीवर दुसरा विंध्यशक्ती आहे.

चालताना पहिला धडा खांदा शिकवतो. तुमच्या पावलांचा ठेका आणि दुधाचा ठेका एक झाला की दूध काठावरून उडी मारतं. म्हणून तुम्ही मध्येच पाऊल बदलता, एक लांब, एक आखूड. दुधावर पळसाची दोन पानं सोडलेली आहेत. पान तरंगत राहतं आणि लाट त्याच्याखाली दबते. लोखंडाच्या टाकीत आडवे पडदे बसवायची युक्ती यायला अजून कित्येक शतकं आहेत, पण तिचं मूळ या पानात आहे.

वेशीच्या आत एक बाई मडक्यावर वाकते, नाकपुड्या फुगवते.

"आधी यात काय होतं?"

"दूधच. कालही दूध, परवाही दूध."

ती मान हलवते आणि भांडं पुढे करते. एवढ्यात वाटेवर धूळ उठते. राजाची माणसं दौऱ्यावर निघाली आहेत. ती आली की गावानं फुलं द्यायची, दूध द्यायचं आणि त्यांचं सामान पुढच्या गावापर्यंत न्यायला पाळीपाळीनं बैल द्यायचे. तुमची एक कावड तिथेच रिकामी होते. दाम मागायची सोय नसते.

हे मी कल्पनेनं रचलेलं नाही. विंध्यशक्तीनं आपल्या राज्याच्या सदतिसाव्या वर्षी ब्राह्मणांना एक गाव दान दिलं, त्याचा ताम्रपट वाशीमला १९३९मध्ये सापडला. त्या प्राकृत मजकुरात दान दिलेल्या गावाला कोणकोणत्या जाचांतून सूट आहे याची यादी आहे. त्यात फुलं आणि दूध घेऊ नये असं आहे. पाळीनं गाय-बैल लावू नयेत असंही आहे. ज्याची सूट द्यावी लागते, ते इतर गावांत रोज घडत असणार. ताम्रपटात राजाचं नाव आहे, दान घेणाऱ्यांची नावं आहेत. दूध वाहणाऱ्याचं नाव नाही, त्याच्या खांद्यावरचं ओझं मात्र तांब्यावर कोरून ठेवलेलं आहे. आणि सूट मिळालेलं ते गाव तुमचं नाही. तुम्ही रिकामी मडकी उचलता आणि परत फिरता.

*

दुसरा वास चामड्याचा, आणि त्यावर जवसाच्या तेलाचा.

साल १८६२. वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे येऊन नऊ वर्षं झाली आहेत. आगगाडीचे रूळ नागपूरला पोहोचायला अजून पाच वर्षं आहेत. तोवर जे काही हलतं ते बैलांच्या पाठीवर. तुमच्या तीन बैलांवर सहा बुधले आहेत आणि तुम्ही वाशीमहून मंगरूळ करून कारंज्याला निघाला आहात.

बुधला हातात घेऊन बघा. डबगरानं आधी मातीचा पोटफुगा साचा केला. त्यावर ओलं कातडं ताणून बसवलं, जोड चिकटवले, उन्हात कडक वाळू दिलं. मग बाहेरून काठीनं ठोकत आतली माती फोडली आणि अरुंद तोंडातून चिमूटचिमूट करून बाहेर झटकली. उरलं ते पोकळ, हलकं, न फुटणारं भांडं. मातीचं मडकं बैलाच्या पाठीवरून पडलं तर संपलं. बुधला पडला तर लोळतो आणि थांबतो.

पण कातडं विसरत नाही. पहिल्या खेपेला त्यात जे भरलं ते त्याच्या अंगात मुरतं. जवसाचा बुधला मरेपर्यंत जवसाचा. त्यात तूप घातलं तर तूप बाटलं. म्हणून तुमच्या बुधल्यांच्या गळ्याला दोऱ्या आहेत, तिळाला एका रंगाची, जवसाला दुसऱ्या. आजचे मोठे वाहतूकदार खाद्यतेलाच्या टँकरवर 'फक्त खाद्यतेलासाठी' असं रंगवतात, तोच हा दोरा.

दुसरा धडा बैल शिकवतो. दोन्ही बाजूंचं वजन सारखं हवं. वाटेत कुणाला शेर-दोन शेर तेल द्यायचं झालं तर एकाच बुधल्यातून काढायचं नाही. अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं. नाहीतर पालाण सरकतं, अर्धवट बुधल्यातलं तेल एका अंगाला धावतं आणि उतारावर बैल तोल सोडतो. भरलेला बुधला शहाणा असतो, अर्धा बुधला खोडकर.

दुपारी नाल्याकाठी बंजाऱ्यांचा तांडा भेटतो. शेकडो बैल, गळ्यात घंटा, पाठीवर मिठाच्या गोण्या. लदेणी घेऊन ही माणसं समुद्रापासून इथवर चालत येतात. नाईक तुमच्या बुधल्यांकडे बघतो आणि हसतो. मीठ पावसाला भितं, तेल उन्हाला. ज्याला त्याला आपापलं भय. आगगाडी आल्यावर काही वर्षांतच ही लदेणी थांबेल, बैल विकले जातील आणि तांडे माळरानावर स्थिरावतील. याच मुलखात, मानोऱ्याजवळच्या पोहरादेवीला त्यांची लेकरं-नातवंडं दर वर्षी दर्शनाला येतील. त्यातल्या कित्येकांच्या हातात पुढे ट्रकचं स्टिअरिंग येईल. वाहणं सुटलं नाही, फक्त बैल बदलले.

दिवस मावळताना कारंज्याची मंगरूळ वेस दिसते. वेशीच्या आत व्यापाऱ्याचा दिवाणजी बुधल्याचं बूच काढतो आणि नाक लावतो.

"आधी यात काय होतं?"

तुम्ही दोरा दाखवता. तो दोऱ्याकडे बघत नाही, तुमच्या तोंडाकडे बघतो. मग म्हणतो, "ओता."

*

तिसरा वास डिझेलचा, ओल्या मातीचा आणि सरकीच्या कच्च्या तेलाचा.

ऑगस्ट १९९८ संपत आला आहे. काच नीट पुसली जात नाही, वायपर एकाच बाजूला चालतो. तुम्ही नागपूर–औरंगाबाद हमरस्त्यावर आहात, कारंजा मागे पडलं आहे. १ जुलैला अकोल्यातून वेगळा होऊन वाशीम जिल्हा झाला. इंग्रजी अमलात तो होताच, १९०५मध्ये मोडला होता. दुकानांच्या पाट्यांवर 'जि. अकोला'वर पांढरा रंग फिरवून 'जि. वाशीम' लिहायचं काम गावोगाव चालू आहे. रस्त्याच्या दोन्ही अंगांनी कपाशी आहे, पण मधूनमधून हिरव्यागार, गुडघाभर उंचीच्या सोयाबीनचे पट्टे वाढले आहेत. आणखी काही वर्षांत तेच सगळीकडे असेल.

अर्धा माल एका मिलमध्ये खाली केला आहे, अर्धा पुढे द्यायचा आहे. म्हणजे आज गाडी खोडकर आहे.

शेलूबाजाराच्या अलीकडे एका वळणावर म्हैस आडवी येते. तुम्ही ब्रेक दाबता. गाडी थांबत येते, आणि मग मागचं तेल येऊन धडकतं. ब्रेकनंतर एक क्षण शांत जातो आणि पाठीमागून कुणीतरी खांद्यानं ढकलावं तशी गाडी पुन्हा हातभर पुढे सरकते. ओल्या रस्त्यावर तो हातभर म्हणजे जीव. नवशिका माणूस इथे घाबरून ब्रेक आणखी दाबतो, स्टिअरिंग फिरवतो, तेल एका भिंतीवर चढतं आणि टँकर कुशीवर जातो. तुम्ही उलटं करता. ब्रेक किंचित सैल सोडता, लाट पुढे येऊ देता, आदळू देता, परत जाऊ देता आणि ती मागे वळली की पुन्हा दाबता. म्हैस संथपणे पलीकडे जाते. क्लिनर पोऱ्याचा चेहरा पांढरा पडला आहे. तुमचे दोन्ही तळहात ओले आहेत.

कोरडा माल वाहणारा ट्रक चालवतो. ओला माल वाहणाऱ्याला ट्रकही चालवावा लागतो आणि मालही.

शेलूबाजाराला ढाब्यावर चहा घेताना पेपर उघडता. दिल्लीची बातमी आहे. मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचं तेल मिसळलं गेलं, लोकांचे पाय सुजले, हृदयं थकली, माणसं दगावताहेत. पुढे हा आकडा साठावर जाईल आणि सरकार सुटं तेल विकण्यावर बंधनं आणून ते बंद पाकिटातून विकायचा आदेश काढेल. पिवळा धोतरा तुम्हाला अनोळखी नाही. उन्हाळ्यात याच रस्त्याकडेला काटेरी पानं आणि पिवळी फुलं घेऊन उभा असतो तोच. तुम्ही पेपर घडी करून ठेवता, पण चहा घशाखाली उतरत नाही. दिल्लीतही ते तेल कुणीतरी वाहूनच नेलं असणार.

एसटीडी बूथवरून मालकाला फोन लावता. मालक सांगतो, परतीला मळीची खेप मिळतेय, भाडं चांगलं आहे, एक फेरी मारून टाक, मग गरम पाण्यानं धुऊन घेऊ.

"मळी नको, शेठ. दुसऱ्या खेपेला तेल भरायचं आहे."

"धुतल्यावर कुणाला कळतंय?"

"मला कळते ना, शेठ."

बूथचं मीटर पुढे सरकत राहतं. मालक फोन ठेवतो. परतीची खेप जाते आणि तीन दिवस गाडी उभी राहते, त्या तीन दिवसांचा भत्ताही कुणी देत नाही. तुमच्या नकाराची कुठे नोंद होत नाही. पण नकार दिला नाही तर काय होतं, त्याची नोंद जगात आहे. १९९४मध्ये अमेरिकेत कच्च्या अंड्यांचा द्रव वाहिलेल्या टँकरांत आइस्क्रीमचं मिश्रण भरलं गेलं. टाक्या नीट साफ झालेल्या नव्हत्या. साल्मोनेलानं सुमारे २ लाख २४ हजार माणसं आजारी पडल्याचा अंदाज तिथल्या शास्त्रज्ञांनी मांडला. एक न धुतलेली टाकी दोन गावांतलं अंतर मिटवते, तसं आजारी आणि निरोगी घरांतलंही.

*

डोळे उघडा. तुम्ही अजून टाकीच्या तोंडाशी वाकलेले आहात. आत वास नाही. कारखान्याचा माणूस मान हलवतो.

"भरा."

तेल येऊ लागतं, मधासारखं दाट, गवतासारखा कच्चा वास असलेलं. टाकी गळ्यापर्यंत भरायची नाही, उन्हानं तेल फुगतं. पण फार रिकामीही ठेवायची नाही. काट्यावर २४ टन भरतात. सोयाबीनमध्ये तेल असतं शंभराला अठरा किलोच्या आसपास. म्हणजे तुमच्या पाठीमागे तेराशे क्विंटलांवर सोयाबीन आहे. एकरी सात क्विंटल धरलं तरी दोनशे एकरांच्या आसपासचं पीक. त्या रानांतली पेरणी, पावसाचा खंड, काढणीच्या दिवसांतली धावपळ आणि बाजार समितीत भावाकडे लागलेले डोळे, हे सगळं आता हिंदकळत तुमच्यासोबत येणार आहे.

झाकण बंद, बोल्ट घट्ट, वर आणि खाली शिशाची सिलं. सिलांचे नंबर बिल्टीवर. क्लिनर टायरांवर हातोडीनं ठोकून आवाज ऐकतो.

कारंज्याच्या बाजूला समृद्धी महामार्गावर चढता. ११ डिसेंबर २०२२ला नागपूर–शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला आणि जून २०२५ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा. ७०१ किलोमीटर, आणि त्यातले जवळजवळ शंभर वाशीम जिल्ह्यातून. कारंजा, शेलूबाजार, मालेगाव, जुन्या रस्त्यावर जी नावं ढाब्यांच्या उजेडात यायची, ती आता हिरव्या फलकांवर येतात आणि जातात. कारंजा-सोहोळच्या काळविटांच्या अभयारण्याच्या बाजूनं रस्ता जातो तेव्हा तुम्ही नकळत कठड्यांपलीकडच्या अंधारात बघता.

इथे म्हैस आडवी येत नाही. इथे झोप आडवी येते. सरळ रेषा, सारखा आवाज, सारखे पांढरे पट्टे, आणि डोळे उघडे असतानाच मन रस्ता सोडतं. याला अभ्यासक रस्ता-संमोहन म्हणतात. १ जुलै २०२३च्या रात्री याच महामार्गावर, शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, एक खासगी बस उलटून पेटली आणि २५ जण गेले. तेव्हापासून तुम्ही नियम केला आहे, दोन तासांनी थांबायचं, चेहऱ्यावर पाणी मारायचं, गाडीभोवती एक फेरी घालायची आणि क्लिनरला गप्प बसू द्यायचं नाही. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१चा कायदा होता, दिवसाला आठ तास म्हणायचा. ज्यानं तो कायदा केबिनमध्ये पाळलेला पाहिला असेल, त्यानं हात वर करावा. १ ऑक्टोबर २०२५नंतर बनलेल्या ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. तुमची गाडी त्याआधीची. मे महिन्यात वऱ्हाडातल्या दुपारी इंजिनाची आणि आभाळाची आच एकाच केबिनमध्ये बसते.

बोलता बोलता क्लिनर जानेवारी २०२४च्या संपाचं काढतो. अपघात करून पळून जाणाऱ्याला दहा वर्षांच्या शिक्षेची तरतूद आली आणि देशभरातले चालक स्टिअरिंगवरून उतरले. दोन दिवसांत पंपांवर रांगा लागल्या, दूध पोहोचेना. पेट्रोल, दूध, तेल रोज कुणीतरी रात्र जागून आणतं, हे त्या दोन दिवसांत सगळ्यांना कळलं आणि तिसऱ्या दिवशी विसरलं गेलं.

तुम्ही त्याला चीनचं सांगता. जुलै २०२४मध्ये तिथे उघड झालं की कोळशापासून बनवलेलं इंधन वाहिलेल्या टँकरांत मध्ये न धुता खाद्यतेल भरलं जात होतं.

"इतका मोठा देश, उस्ताद. कोणी इचारलं नाही?"

"गेटवर इचारलं असन. ड्रायव्हरनं खोटं सांगितलं असन."

तो बराच वेळ गप्प बसतो. आज तुम्ही त्याला गप्प बसू देता.

सिंदखेडराजा, जालना, शिर्डीचे फलक मागे जातात. पहाटे इगतपुरीच्या जवळजवळ आठ किलोमीटर लांब बोगद्यात शिरता. सह्याद्रीच्या पोटात टाकी शांत असते. भरलेली टाकी शहाणी असते.

*

सकाळी रिफायनरीच्या गेटवर सिलांचे नंबर जुळवले जातात. नमुना प्रयोगशाळेत जातो आणि तुम्ही स्टिअरिंगवर डोकं टेकून वाट बघता. निरोप येतो, माल पास. पाइप जोडला जातो. शेवटी गाडीची पुढची चाकं उंचवट्यावर चढवता, म्हणजे तळाशी राहिलेलं तेलही मागे ओघळून निघेल. ज्या शेतकऱ्याला आपण कधी भेटणार नाही, त्याच्या मालातला थेंब टाकीत का ठेवायचा?

मग धुलाई. वाफ, गरम पाणी, पुन्हा वाफ, आणि दिवसभर उन्हात उघडं झाकण. उद्या बंदरावरून पामोलिन भरायचं आहे. सोयाबीन पिकवणारा वाशीम जिल्हा आपली भजी परदेशी पामच्या तेलात तळतो, आणि ते तेलही तुमच्याच टाकीतून येतं. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी अर्ध्याहून अधिक बाहेरून येतं. शेतातून निघालेलं तेल बंदराकडे आणि बंदरावरून आलेलं शेताकडे, दोन्ही वाटा तुमच्या पायांखालच्या.

संध्याकाळी क्लिनर शिडी चढून वर जातो. आज पहिल्यांदाच तुम्ही त्याला एकट्याला पाठवलं आहे. तो गुडघे टेकतो, वाकतो, टाकीच्या तोंडाशी नाक नेतो. तुम्ही खाली उभे आहात.

"काय वास येते रे?"

तो पुन्हा वाकतो. वेळ घेतो. तुम्ही घाई करत नाही.

"उस्ताद, काहीच वास नाही येऊन रायला."

"मंग बरोबर हाय. लाव झाकण."

तो बोल्ट आवळत असताना तुम्ही बिल्टीचे कागद त्याच्या पिशवीत ठेवता. बंदराच्या गेटवर विचारतील, आधी यात काय होतं? उत्तर तो देईल.